दर्दी व्हायला खिसा लागतो का?

सरळवळण (धागाकर्ती)
शास्त्रीय गाण्याच्या मोठ्या महोत्सवात बसायची व्यवस्था कशी असते ते आठवा. पुढे सोफ्यावर प्रायोजक आणि त्यांचे पाहुणे, त्यामागे खुर्च्या, आणि उरलेल्या जागेत सतरंज्या टाकून ‘भारतीय बैठक’. तंबोरे जुळवून देणारा, ध्वनिक्षेपकाच्या खटक्यांवर बसलेला, चहाची किटली फिरवणारा हे सगळे तेच गाणं ऐकत असतात. पण निवेदक ‘रसिक श्रोतेहो’ म्हणतो तेव्हा त्यात हे कुणीच धरलेले नसतात.

माझं म्हणणं एवढंच की कला आवडायला वर्ग आड येत नाही; ‘मला कळतं’ असं चारचौघांत म्हणायच्या हक्काच्या आड येतो. गाणं, चित्र, नाटक, सगळ्यांबद्दल बोला. फक्त ‘आमच्या आजोबांकडे फोनो होता’ छापाच्या आठवणी नकोत. त्यासाठी वेगळा धागा काढू.

पाटावरवंटा
शेंगदाणे भाजून घेतलेत. होऊ द्या सुरू.

शुद्धमध्यम
‘मध्यमवर्ग’ हा शब्द मध्यमावरूनच आलाय. उच्चवर्ग तारसप्तकात, बाकीचे खर्जात. विषय संपला.

तिहाई
हक्काबिक्काचं ठीक आहे, पण कळण्याचा काही भाग खरोखरच शिकावा लागतो, हे आधी मान्य करू. विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल घ्या. मात्रा बाराच. पण अतिविलंबितात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) पाऊण ते एक मिनिटाचं. एवढ्या लांब पल्ल्यात नवख्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नाही. शेजारचा ‘वाह’ म्हणून मान टाकतो आणि याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

युक्ती सोपी आहे. ठेका असा: धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर ‘तू ना’ वाजतं, दुसऱ्यानंतर ‘धी ना’. ‘धी ना’ ऐकू आलं की पुढचा ठोका समेचा. दुसरी खूण म्हणजे मुखडा. बंदिशीची सुरुवातीची शब्दांची गुंडी गायक दर आवर्तनाच्या शेवटी उचलतो आणि तिच्यातलं एक ठरावीक अक्षर समेवर टेकवतो. ते अक्षर कुठलं ते दोन आवर्तनांत कळतं. ज्याला हेही जड वाटेल त्याने मध्यलयीतला झपताल घ्यावा. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. पंधरा दिवस रोज अर्धा तास ऐकलं की हात आपोआप मांडीवर पडायला लागतो.

यात पैसा कुठेच नाही. अर्धा तास मात्र आहे, आणि तोही डोकं ठिकाणावर असलेला. दोन पाळ्या करून आलेल्याने तो कुठून काढायचा? माझ्या मते वर्ग इथे येतो. खिशाच्या वाटेने कमी, घड्याळाच्या वाटेने जास्त.

टाळकरी
तिहाईभाऊ, पाळ्यांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. गिरणगावातल्या चाळी भजनी मंडळांनी भरलेल्या होत्या, आणि ती मंडळं चालवणारे पाळीवालेच होते. कोकणातली डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, मुंबईत रुजवली ती त्यांनीच. दोन बुवा समोरासमोर, प्रत्येकाची पेटी, पखवाज, चकी आणि कोरस वेगळा. स्तवन, रूपाचा अभंग, गौळण, गजर अशी चढण. एकाने एका रागात चाल बांधली की दुसऱ्याने तिला तोलामोलाचं उत्तर द्यायचं. समोरचा श्रोता रात्रभर बसतो आणि बुवाचा सूर हलला की तिथल्या तिथे बोलून दाखवतो. याला रसग्रहण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

कीर्तनातला टाळकरी बघा. बुवांच्या मागे दोन्ही बाजूंनी ओळी उभ्या असतात. बुवांनी प्रमाण म्हणून अभंगाचा एक चरण उच्चारला की पुढचा यांनी उचलायचा, त्याच पट्टीत, त्याच चालीत. अभंग पाठ नसेल तर तोंड उघडं राहतं. एक टाळ किंचित मागे पडला तरी पूर्ण ओळ लंगडते, म्हणून शेजारचा कोपराने ढोसतो. इथे श्रोता आणि वादक वेगळे नाहीतच. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, मधुकरी मागून शिकायची परंपरा. तिथे शिकून गावोगाव पसरलेली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची.

शुद्धमध्यम
कोपराने ढोसण्याची सोय सभागृहातही हवी. मोबाईलवाल्यांसाठी.

पुस्तकी_किडा
पिएर बूर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न घेतला होता. १९६३ आणि १९६७-६८ मध्ये मिळून १,२१७ लोकांना प्रश्नावली दिली आणि १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. बाख या जुन्या संगीतकाराची पियानोवर वाजवायची अवघड रचना पसंत करणारे बहुतेक प्राध्यापक, कलावंत. ‘ब्लू डॅन्यूब’ ही लोकप्रिय नाचाची धून पसंत करणारे बहुतेक कामगार, छोटे दुकानदार. त्याचं म्हणणं असं की आवड ही घरातून आणि शाळेतून मिळालेली एक पुंजी आहे. ती पैशासारखी साठते, वारसाहक्काने पुढे जाते, आणि माणसं ती एकमेकांपासून वेगळं दिसण्यासाठी वापरतात. धागाकर्तीच्या म्हणण्याला पाठबळ आहे.

गोंयकार
किडाभाऊ, ते फ्रान्सचं गणित. इथे एक आकडा उलटा बसतो. तिकडे वरच्या वर्गाची कला सादर करणाराही साधारण त्याच वर्तुळातला. आपल्याकडे कित्येक दशकं गाणारी बाई समाजाच्या खालच्या पायरीवर आणि ऐकणारा शेठ वरच्या.

गोव्यातल्या देवळांशी बांधलेला कलावंत समाज घ्या. केसरबाई केरकर केरी गावच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. (ते कुर्डी आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात तेवढं वर येतं.) दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. जयपूर घराण्यातली अनवट रागांची, गुंतागुंतीच्या पलट्यांची गायकी, ‘फक्त जाणकारांसाठी’ म्हणून जिचा दबदबा, ती या बायकांच्या गळ्यात टिकली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अवकाशात गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. आता सांगा, ती कला कुठल्या वर्गाची? ऐकणाऱ्याच्या की गाणारीच्या?

पुस्तकी_किडा
मुद्दा मान्य. पण मग ‘दाद देण्याची’ मक्तेदारी ऐकणाऱ्याकडे राहिली, हे तर आणखी पक्कं झालं ना?

गोंयकार
ते झालंच. बिदागी देणाऱ्यानेच ‘जाणकार’ ही पदवीसुद्धा स्वतःकडे ठेवून घेतली.

खुंटीपिळू
धागाकर्त्या ताईंनी तंबोरा जुळवणाऱ्याचा उल्लेख केला, त्यावर कुणीच आलं नाही. मी येतो.

मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची. शस्त्रांना धार लावणं, दुरुस्ती करणं हा धंदा. राज्यं गेली, तलवारी म्यान झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे हात तारांकडे वळले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून. देठाकडून कापायचा, भिजवायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, वाळवायचा. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची फळी) तूनच्या लाकडाची. हे झालं सुतारकाम. खरी परीक्षा जवारीची.

तबलीवर जी रुंद घोडी असते तिचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकून निसटते, टेकून निसटते. त्या घासण्यातून जो भरलेला झंकार निघतो ती जवारी. कारागीर तार बाजूला सारतो, कानशीचे दोन-चार हलके हात मारतो, तार परत बसवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा बाजूला. एका तंबोऱ्यात हे शेकड्यांनी होतं. उतार कमी पडला तर तार जास्त लांबीवर चिकटते आणि आवाज खरखरतो. जास्त झाला तर तार एका बिंदूवर टेकते आणि आवाज मुका, नुसता टणटण. मधे खळगा पडला तर ती तार कायम कुरकुरते. मग पूर्ण माथा खाली घ्यावा लागतो. शिवाय चारही तारांची जवारी एकसारखी उघडायला हवी, नाहीतर एक तार बाकीच्यांच्या डोक्यावर बसते.

जवारी लागली की मग सूत, ज्याला ‘जीव’ म्हणतात. तारेखाली, घोडीच्या माथ्यावर सुती दोरा घालून कणाकणाने सरकवायचा. एका जागी आवाज अचानक फुलतो. त्याच्या केसभर पुढे गेलं की मिटतो. कधी थांबायचं हे कुठल्याही यंत्राला सांगता येत नाही. मोबाईलमधलं ट्यूनर सूर दाखवतं, जवारी नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याला मिळालं. त्या कानाला कुठलं मानांकन?

मोजपट्टी
थोडा वाकड्यात शिरतो. जवारी लावणं हे कौशल्य झालं. सोनाराला सोनं कळतं म्हणून त्याला दागिन्याचं सौंदर्य भावतं असं काही नाही. कौशल्य आणि आस्वाद यांची सरमिसळ होतेय.

खुंटीपिळू
मोजपट्टीसाहेब, जवारीला बरोबर-चूक असतं तर तुमचं खरं. कुणाला उघडी, झणझणीत जवारी लागते, कुणाला मिटती, गोल. किराणा घराण्याच्या गायकाला तंबोऱ्यातून जो भरणा हवा असतो तो वेगळा, तानेच्या गायकाला वेगळा. कारागीर गायकाचा गळा ऐकतो आणि त्याला साजेल अशी जवारी काढतो. एवढं ऐकणं म्हणजे आस्वाद नसेल तर तिसऱ्या रांगेत बसून डोळे मिटणं म्हणजे तरी काय?

तिहाई
+१. आणि मालकंस राग असेल तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला, मारव्याला निषादाला. हे स्टेजमागे तंबोरे लावणाऱ्याला विचारावं लागत नाही. खुर्चीवाल्यांपैकी किती जणांना तार बदललेली कळते याची मोजणी व्हावी.

पाटावरवंटा
खुर्चीवाल्यांना मध्यंतर कळतं. बटाटेवडा कुठल्या बाजूला आहे ते तर समेच्या आधीच कळतं.

ढोलकीच्या_तालावर
इतका वेळ वाचत होतो, पण लावणीचं नाव कुणी काढलं नाही. हाच पुरावा समजा हवा तर.

बैठकीची लावणी म्हणजे शिट्ट्यांची लावणी नव्हे. बाई बसून गाते. पेटी, तबला, ढोलकी. एकच ओळ दहा वेळा येते आणि दर वेळी दुसरा अर्थ काढते: कधी डोळ्यांतून, कधी बोटांतून, कधी एका शब्दाला सुरांचा हेलकावा देऊन. बनारसच्या ठुमरीत याला बोलबनाव म्हणतात आणि ठुमरी ‘उपशास्त्रीय’ ठरते. वाई-सातारकडच्या बाईने तेच केलं की ती ‘लोककला’. रागही पुष्कळदा तेच, पिलू, भैरवी. फरक गळ्यात नाही, गाणारीच्या जातीत आणि ऐकायला जाणाऱ्याच्या लाजेत आहे. यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. त्यांना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. त्यांच्या अदाकारीपुढे भलेभले ख्यालिये (ख्याल गाणारे) गप्प बसतील, पण वर्गवारी काही बदलली नाही.

आणि ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी ज्यांच्या घरी पहाटे लागते त्यांनी लक्षात ठेवावं, ती लिहिणारा होनाजी हा तमासगीर. होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी.

मोजपट्टी
हे मात्र बिनतोड. मागे घेत नाही काही, पण हे बिनतोड.

मीटरबँड
सरकारने रसिकता वाटायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं तेही नोंदवू. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, गाण्याचे शौकीन. त्याच वर्षी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, शनिवारी रात्री. हे उत्तम. पण सिनेमाच्या गाण्यांवर त्यांनी असा चाप लावला की लोकांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

याच आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली होती. कारण शास्त्रशुद्ध होतं: पेटीच्या पट्ट्या बांधलेल्या, बारा सूर सारख्या अंतरावर, त्यामुळे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, दरबारी रागातला झुलता कोमल गंधार तर नाहीच नाही. सगळं खरं. पण त्याच काळात खेड्यातल्या देवळात भजनाचा आधार पेटीच होती. म्हणजे देशातल्या सगळ्यात जास्त गाणाऱ्यांचं वाद्य देशाच्या रेडिओवर अस्पृश्य.

तिहाई
दरबारीच्या गंधारावर मी वेगळा धागा काढायला तयार आहे.

शुद्धमध्यम
नको. मागचा तीनशे प्रतिसादांवर गेला आणि गंधार होता तिथेच झुलतोय.

शिळाछाप
गाण्यातच अडकलात. चित्राकडे या.

राजा रविवर्म्याची तैलचित्रं संस्थानिकांच्या दिवाणखान्यात होती. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतीवर आल्या. शिळाछापाचं तंत्र असं: गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, डिंक आणि आम्लाचा हात द्यायचा, लादी ओली करायची, रूळ फिरवायचा. तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग झिडकारतो. प्रत्येक रंगाला वेगळी लादी. साडीचा लाल वेगळा, कातडीचा गुलाबी वेगळा, सावलीचा करडा वेगळा. तोच कागद एकेका लादीवरून जाताना कोपऱ्यातल्या खुणा तंतोतंत जुळाव्या लागतात. पावसाळी हवेत कागद फुगतो, खुणा सरकतात, आणि लक्ष्मीच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरते.

आता आस्वादाचं बोला. घेणाऱ्या बायकांनी काय केलं? त्या छापील देवीला जरीच्या कापडाची साडी चिकटवली, टिकल्या-मोती लावले. कलासमीक्षक याला विद्रूप करणं म्हणतील. मला तर चित्र इतकं जवळ घेणं कुठल्याच दालनात दिसत नाही.

चौकट
दालनावरून: मुंबईचं जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, आत जायला तिकीट नाही. बाहेर पदपथावर चित्रकार बसतात तिथे गर्दी असते, वीस पावलांवरच्या आतल्या थंड शांततेत नसते. दार उघडंच आहे. पण चित्राखालची पट्टी इंग्रजीत, दुसऱ्या ओळीत ‘मिश्र माध्यम’ असं काहीतरी, आणि टेबलामागची व्यक्ती पायातल्या चपलेकडे बघते.

उपाय खर्चाचा नाही. पट्टी मराठीत लावा, आणि ‘मिश्र माध्यम’ न लिहिता ‘कापडावर शेण, कोळसा आणि डिंक’ असं लिहा. शेण म्हटल्यावर थांबणारा माणूस ‘माध्यमा’पुढून निघून जातो.

गोंयकार
वारली चित्राबाबत तर हे नेहमीच. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी लिहिलेला लग्नचौक हा ‘विधी’, तेच कागदावर चौकटीत आलं की ‘कला’, आणि उशीच्या अभ्र्यावर आलं की ‘भेटवस्तू’.

सरळवळण (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार, विशेषतः आजोबांना न आणल्याबद्दल.

माझं मत दोन ठिकाणी हललं. तिहाई म्हणतात तो वेळेचा मुद्दा मी धरलाच नव्हता. पण टाळकऱ्यांनी लगेच दाखवलं की जिथे ऐकणं आणि करणं एकत्र आहे तिथे तो वेळ पाळीवालाही काढतो. नुसतं बसून ऐकायचं असेल तिथे काढत नाही. म्हणजे अडचण वर्गाची असेल तितकीच आपण श्रोत्याला हातात काहीही न देता चार तास बसवतो याचीही आहे. दुसरं, मी ‘हक्क’ म्हणत होते ते लावणी-ठुमरीच्या उदाहरणाने जास्त स्पष्ट झालं. कान सगळीकडे आहेत. खण पाडणारे मात्र एकाच आळीतले.

मोजपट्टी, तुमचा कौशल्य विरुद्ध आस्वाद हा मुद्दा मला अजून सुटलेला नाही. टाळकरी, तुम्ही वर पखवाजाचा उल्लेख केलात. त्याच्या धुमाला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, सूर जुळवायला कणीक लावणाऱ्याचं ते कौशल्य की कान?

टाळकरी
ताई, दोन्ही एकाच बोटात असतात. गव्हाचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा थोडं सैल मळायचं. धुमाच्या मधोमध चामडं पाण्याने पुसून घ्यायचं, म्हणजे कणीक धरते. तळहाताएवढा गोल, मधे जाड, कडेला पातळ होत गेलेला. मग थाप मारून ऐकायचं. आवाज उंच वाटला तर चिमूट वाढवायची, जड झाला तर काढायची. समोरच्या शाईच्या बाजूचा षड्ज आणि हा खालचा षड्ज एकमेकांत मिसळले की थांबायचं. ओली झाली तर वाजवताना घसरते, घट्ट झाली तर मध्येच तडा जाऊन फडफडते. कीर्तन लांबलं की वाळून आवाज चढतो, म्हणून शेजारी पाण्याची वाटी लागतेच. मधेमधे ओलं बोट फिरवायचं. संपल्यावर लगेच खरवडून ओल्या फडक्याने पुसायचं, नाहीतर चामडं ओढलं जातं.

पाटावरवंटा
नाहीतर रात्री उंदीर येतात. त्यांनाही धुमाचीच बाजू आवडते.

मोजपट्टी
पीठ चाळून घ्यायचं की कोंड्यासकट?

टाळकरी
चाळून. कोंडा राहिला की चिकटत नाही.

खुंटीपिळू
आमच्याकडचे कोंड्यासकट घेतात. उद्या सविस्तर लिहितो.